चिंपांझीचं पिल्लू करायला गेलो, झालं माणसाचं पोर

मातीकाम

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय जरा आडवाटेचा आहे.

मी मातीत डोकी करतो. कधी पुतळ्यासाठी, कधी मुखवट्यासाठी, जे काम येईल ते. सध्या एका प्रदर्शनासाठी चार डोकी करायची आहेत: चिंपांझीचं तान्हं पिल्लू, पूर्ण वाढलेला नर चिंपांझी, माणसाचं तान्हं बाळ आणि मोठा माणूस. चारही शेजारी शेजारी बसणार. बघणाऱ्याला दोघांची वाढ कशी होते ते एका नजरेत कळावं, एवढीच मागणी आहे.

माणसाची दोन झाली, तिथे हात बसलेला आहे. घोळ घातला चिंपांझीने. पिल्लाचे फोटो समोर लावले तर ते इतकं आपल्यासारखं दिसतं (गोल डोकं, उभं कपाळ, थोबाड जवळजवळ सपाट) की मी सरळ माणसाच्या बाळाची मापं घेतली, सगळी सारख्या प्रमाणात लहान केली, नाक दाबलं, कान मोठे केले. जे तयार झालं तो चिंपांझी नाही, रुसून बसलेलं पोर आहे. मग त्याच पिल्लाच्या साच्यावरून मोठा नर काढू म्हटलं. जबडा पुढे ओढला, भुवईवर मातीची वळी चिकटवली, सुळे बसवले. आता पोराने मुखवटा घातल्यासारखं दिसतंय. तीनदा मोडून झालं.

मध्यंतरी वाचलं होतं की माणूस म्हणजे मोठं व्हायचं राहून गेलेला वानर. लहानपणचा चेहरा आपण म्हातारे होईपर्यंत तसाच वागवतो, म्हणे. हे खरं असेल तर माझा हिशोब जुळायला हवा होता. सुरुवात दोघांची सारखी, मग एकाने वाढत जायचं आणि दुसऱ्याने थांबायचं. पण माती काही ऐकत नाही.

जाणकारांनी सांगा, चूक नेमकी कुठे होतेय? सिद्धान्त थोडा कमी चालेल, हात कुठे घालू ते जास्त सांगा.

शंकासूर

हिशोब बरोबरच आहे तुमचा, हात चुकत असेल. लुई बोल्क नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने १९२६ साली हेच मांडलं होतं: माणसाची खास म्हणून जी लक्षणं आपण मिरवतो ती वानरांच्या गर्भात आणि पिल्लांत आधीच असतात. सपाट चेहरा, मोठं डोकं, अंगावर केस कमी. वानर त्यातून पुढे निघून जातात, आपण तिथेच रेंगाळतो. त्याच वर्षी अडॉल्फ नेफ या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने चिंपांझीच्या पिल्लाचं आणि मोठ्या चिंपांझीचं छायाचित्र छापलं. ते पिल्लू मान ताठ करून असं बसलंय की एखाद्या कचेरीतला साहेब वाटावा. फोटोच बोलतो, आणखी पुरावा काय हवा?

दंतकथा

मातीकाम, तुमचं रुसलेलं पोर वाचून हसू आलं, कारण त्याच पोराने एकदा मला भर परीक्षेत तोंडघशी पाडलं होतं.

शरीररचना शिकवण्यात माझी २६ वर्षं गेली, त्यातली बहुतेक दातांच्या विद्यार्थ्यांपुढे. ही गोष्ट त्याआधीची, मी स्वतः परीक्षार्थी असतानाची. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी कवटीची एक छोटी प्रतिकृती हातात ठेवली. खालचा जबडा नव्हता. वरचे पुढचे दुधाचे दात नुकते फुटलेले. गोल डोकं, उभं कपाळ. मी छातीठोकपणे सांगितलं, "मूल आहे. सात-आठ महिन्यांचं." आकार जरा लहान वाटला होता, पण मी मनात म्हटलं, साचाच छोटा केला असेल. सर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "अंगठा माथ्यावर फिरवा. टाळू कुठे आहे?"

टाळू नव्हतीच. सात-आठ महिन्यांच्या बाळाची टाळू चांगली उघडी असते, ती भरायला बहुधा वर्ष-दीड वर्ष लागतं. इथे अंगठ्याला माथा सलग लागत होता. ते चिंपांझीचं तान्हं पिल्लू होतं. त्याचे पुढचे दात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास येतात आणि टाळूही जन्मानंतर लवकरच मिटते. म्हणजे दात बघून मी एक वय सांगत होते आणि माथा दुसरंच सांगत होता. पास झाले, पण सरांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून विसरले नाही.

(जाता जाता: मराठीत माथ्यावरच्या मऊ जागेलाही टाळू आणि तोंडातल्या छतालाही टाळूच. पहिल्या वर्षाची मुलं उत्तरपत्रिकेत हमखास गोंधळ घालतात. आणि दुसरं, 'वानर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांब शेपटीचं ध्यान येतं. इथे विषय बिनशेपटीवाल्यांचा आहे: चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान. मी त्यांना कपी म्हणते.)

आता मुद्द्यावर. दोन्ही पिल्लं सारखी दिसतात, याचं मोठं कारण आपलं नातं नव्हे. मांजराचं पिल्लू बघा, वासरू बघा. सस्तन प्राण्यांत मेंदू आणि डोळे आधी मोठे होतात, जबडा मागाहून येतो. म्हणून कुठलंही पिल्लू मोठ्या डोळ्यांचं आणि आखूड तोंडाचं असतं. ते आपल्याला गोड वाटतं आणि तिथेच आपण फसतो. शंकासूर, तुमच्या फोटोतला साहेब गोड आहे, हे मला मान्य आहे.

पण कवटी हातात घेऊन मोजायला लागलं की सारखेपणा सुटत जातो. माणसाचं बाळ जन्मतं तेव्हा मेंदू साधारण ३५० ते ४०० मिलिलिटरचा असतो. चिंपांझीच्या पिल्लाचा साधारण १५०. मोठ्या चिंपांझीचा ४०० च्या आसपास. म्हणजे आपलं बाळ पहिला टाहो फोडतं तेव्हाच त्याच्याकडे मोठ्या चिंपांझीएवढा मेंदू असतो! आणि तिथे ते थांबत नाही. पहिलं वर्षभर मेंदू पोटात असल्याच्याच वेगाने वाढत राहतो, पुढे १३५० च्या घरात जातो. टाळू एवढा काळ उघडी ठेवावी लागते ती त्यासाठी. तेव्हा तुम्ही बाळाची मापं 'सारख्या प्रमाणात' लहान केलीत तिथेच पिल्लू हातचं गेलं. पिल्लाच्या चेहऱ्यामागचा डबा त्या मानाने लहान हवा आणि चेहरा त्या मानाने मोठा, अगदी पहिल्या दिवसापासून.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. कवटीवर ठरावीक खुणा धरून संगणकाने आकारांची तुलना करायची पद्धत आता चांगली रुळली आहे. २००४ साली फिलिप मिटेरोकर आणि सहकाऱ्यांनी माणूस आणि मोठे कपी यांच्या तान्ह्यांपासून मोठ्यांपर्यंतच्या कवट्या अशा ताडून पाहिल्या. फरक जन्मालाच असतो, आणि पुढे वाढीची दिशाही वेगळी असते. एकाच वाटेवर कोणी आधी थांबलं आणि कोणी पुढे गेलं, असं ते नाही.

आता हात कुठे घालायचा ते. कवटी उलटी करा.

खरं सांगते, विद्यार्थी समोरून बघतात, चित्रकार बाजूने बघतात, खालून कोणीच बघत नाही. आणि सगळा खेळ तळाला आहे. माथ्याची हाडं पातळ पडद्यातून थेट तयार होतात, मेंदू फुगेल तशी ती सरकतात. तळाची हाडं मात्र आधी कूर्चेची (मऊ, लवचिक हाडाची) असतात, मग त्यांचं हाड होतं, आणि त्यांच्यामधले कूर्चेचे सांधे बरीच वर्षं वाढत राहतात. त्यातला शेवटचा मोठा सांधा वयात येताना कुठे मिटतो. हा तळ म्हणजे मेंदूची जमीन आणि चेहऱ्याचं छत. माणसाच्या बाळात तो पहिल्या दोन वर्षांत खाली वाकतो, त्यामुळे चेहरा कपाळाच्या खाली मुडपला जातो. चिंपांझीत उलट घडतं. जन्माला तळ थोडा वाकलेला असतो आणि वाढताना तो सरळ होत जातो. चेहरा मेंदूच्या खाली न जाता पुढ्यात जातो.

म्हणून मोठा नर करताना जबडा ओढू नका. जबडा ओढलात की मुखवटाच होणार, कारण डोळे जुन्या जागी राहतात. डोळ्यांच्या खोबणींसकट अख्खा चेहरा कापून घ्या आणि मेंदूच्या डब्याच्या पुढे सरकवून लावा. आपल्या खोबणी मेंदूच्या पुढच्या भागाच्या खाली असतात, त्याच्या खोबणी पुढे असतात. मग खोबणीचं छत आणि कपाळ यांच्यात जी फट पडते ती भरून काढते ती भुवईवरची आडवी कड. वळी वरून चिकटवायची नसते. कडेच्या मागे एक खाच राहायला हवी, तुमचं बोट त्यात आडवं मावेल अशी.

डोळ्यांचे गोळे फार मोठे करू नका. बाळाचा डोळा जन्माला सुमारे १७ मिलिमीटरचा आणि मोठेपणी २४ चा, वाढ तेवढीच. भोवतालचा चेहरा मात्र कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून मोठ्यांचे डोळे बारीक दिसतात.

आणि एक, हे तुम्हाला फार जवळचं वाटेल. हाड फक्त भर घालून वाढत नाही. एका बाजूला माती थापावी आणि दुसऱ्या बाजूने कोरणीने खरवडावी तसं ते सतत चालू असतं. माणसाच्या मुलात वरच्या जबड्याची पुढची बाजू, गालाच्या हाडाखालची आणि दातांच्या वरची, वाढीच्या काळात खरवडली जात असते. चिंपांझीत तिथे थर चढत जातात. तुम्ही माणसाचं डोकं करताना तिथे माती काढत असाल, सवयीने. चिंपांझीत ती सवय सोडा.

कवडसा

दंतकथा ताई, मस्त प्रतिसाद. मला एक भाबडी शंका आहे. माझ्या चारही अक्कलदाढा आडव्या निघाल्या आणि चारही काढाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, जबडा लहान पडतोय, मऊ खाण्याचा परिणाम. हे एका पिढीत होतं की लाखो वर्षांत? आणि चिंपांझीच्या मानाने आपला जबडा एवढा बारका झाला तोही मऊ खाऊनच का?

दंतकथा

कवडसा, या दोन गोष्टी लोक एकत्र करतात, त्या सुट्या ठेवू.

एका आयुष्यात होणारा बदल खरा आहे. २००४ साली डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्यांवर प्रयोग केला. काहींना शिजवलेलं मऊ खाणं, काहींना कच्चं आणि वाळलेलं. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागाची वाढ सुमारे १० टक्के कमी झाली. चावण्याचा जोर पडला नाही की हाड तेवढं वाढत नाही. दातांचा आकार मात्र बराचसा आधीच ठरलेला असतो. घर लहान झालं, माणसं तेवढीच राहिली. अक्कलदाढ सगळ्यांत शेवटी येते, १७-१८ नंतर, तोवर बाकीच्यांनी जागा धरलेली असते. चिंपांझीची तीच दाढ अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास येते आणि तिला ऐसपैस जागा असते.

चिंपांझीपेक्षा आपला जबडा बारका असणं ही मात्र लाखो वर्षांची गोष्ट, आणि तिचं खापर एकट्या मऊ खाण्यावर फोडता येत नाही. सुळे तर मऊ खाण्याच्या कितीतरी आधी लहान झाले. आफ्रिकेतल्या चाडमध्ये २००१ साली सापडलेली साहेलान्थ्रोपसची (बहुधा आपल्या कुळातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एकाची) कवटी साधारण ७० लाख वर्षांपूर्वीची मानतात. तिची भुवईची कड जाडजूड, मेंदू चिंपांझीएवढा, पण सुळा आखूड. नर कपींचा सुळा खाण्यापेक्षा दाखवण्यासाठी आणि भांडण्यासाठी असतो. तो खालच्या उपदाढेवर घासून धारदार राहतो आणि तो मिटायला समोरच्या ओळीत फट लागते. मातीकाम, ही फट विसरू नका. वरच्या जबड्यात ती पुढच्या दातांच्या आणि सुळ्याच्या मध्ये असते, खालचा सुळा तिथे बसतो.

स्नायूंचं म्हणाल तर चावण्याच्या स्नायूतलं एक प्रथिन तयार करणारं जनुक माणसात बिघडून बंद पडलंय, इतर कपींत ते चालू आहे. हेही २००४ सालीच प्रसिद्ध झालं आणि लगेच कोणीतरी घोषणा केली की स्नायू सैल झाले म्हणून मेंदू वाढला. माझा त्यावर विश्वास नाही. मेंदू कवटीला ढकलतो, स्नायू तिला दाबून ठेवत नाही. तो बिघाड किती जुना यावरही एकवाक्यता नाही, कोणी २४ लाख वर्षं म्हणतं, कोणी ५० लाखांच्या पुढे नेतं.

मातीकामांसाठी आणखी एक. मोठ्या नराच्या डोक्यावर मधोमध हाडाची उभी शेंडी लावायचा मोह होईल, ती मुख्यतः गोरिला आणि ओरांगउटानच्या नरांची. दोन्ही बाजूंचे चावण्याचे स्नायू वर चढत जातात, डब्याची भिंत अपुरी पडते, मग मध्ये भिंत उभारून जागा वाढवली जाते. चिंपांझीत ती क्वचितच दिसते. उगाच लावू नका, गोरिला होईल.

शंकासूर

ताई, तुम्ही बोल्कला फारच झटपट निकालात काढलंत. मग टाँगच्या पोराचं काय? दक्षिण आफ्रिकेत सापडलेलं ते जीवाश्म पिल्लू 'माणसासारखं' वाटलं ते पिल्लू होतं म्हणूनच ना? म्हणजे लहान वय आणि माणूसपण यांचा संबंध आहेच.

दंतकथा

शंकासूर, उदाहरण तुम्ही दिलंत आणि काम माझं केलंत.

१९२४ साली टाँगच्या चुनखडीच्या खाणीतून निघालेला दगड शरीरशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांच्याकडे आला. बायकोच्या विणकामाच्या सुया घासून टोकदार केल्या आणि त्यांनी दगड पोखरून चेहरा मोकळा केला. ७ फेब्रुवारी १९२५ ला लेख प्रसिद्ध झाला. पहिली कायमची दाढ नुकती फुटत होती, म्हणजे आजच्या हिशोबाने तीन-चार वर्षांचं वय. डार्ट म्हणाले, मज्जारज्जू बाहेर पडतो ते तळाचं भोक पुढे आहे, सुळे बारीक आहेत, हे दोन पायांवर चालणारं होतं.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्यासारख्या बड्या मंडळींनी काय उत्तर दिलं? तुमचंच! पिल्लू आहे, पिल्लू माणसासारखं दिसणारच, मोठं झालं असतं तर कपीच निघालं असतं. आणि शंका अगदीच वेडगळ नव्हती. चिंपांझीच्या पिल्लातही ते भोक बरंच मध्यावर असतं आणि वाढताना मागे सरकतं. शिवाय त्या वेळी इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची कवटी मान्यवर होती, १९१२ सालची: मोठा मेंदू आणि कपीचा जबडा. सगळ्यांना वाटे, आधी मेंदू वाढला, बाकीचं मागून. ती कवटी माणसाची आणि जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले, हे उघड व्हायला १९५३ उजाडलं. घासल्याचे ओरखडे दातांवर होते, ४० वर्षं. दातवाल्या माणसाला हे वाचताना किती त्रास होतो, विचारू नका.

डार्ट यांचा वाद सुटला तो मोठ्यांच्या कवट्या मिळाल्यावर. रॉबर्ट ब्रूम यांना १९३६ पासून दक्षिण आफ्रिकेतल्याच स्टर्कफाँटेनला पूर्ण वाढलेल्या कवट्या सापडत गेल्या. मोठे झाल्यावरही सुळे लहानच, भोक पुढेच. म्हणजे टाँगच्या पोरात माणसासारखं जे होतं त्यातलं काही लहानपणाचं होतं, मोठेपणी गेलं असतं (मोठ्यांचं थोबाड चांगलंच पुढे आलेलं आहे), आणि काही त्याच्या जातीचं होतं, ते राहिलं. दोन्ही एकाच चेहऱ्यात मिसळलेलं. नुसतं पिल्लू बघून ते वेगळं करता येत नाही, ही अडचण कीथना नडली आणि मला परीक्षेत नडली.

आणि मोठ्या माणसाचा चेहरा खरंच बाळाचा असता तर हनुवटी कुठून आली? तान्ह्या बाळाला ती जेमतेम असते, वयाबरोबर ठसठशीत होते. नाकाचंही तेच. कानामागे हात लावा, हाडाचा उंचवटा लागेल, जन्माला तो नसतो. ही सगळी मोठं होण्याची लक्षणं आहेत आणि आपल्यात ती भरपूर आहेत. हनुवटी तर अख्ख्या कुळात फक्त आपल्याला. आपले नामशेष भाऊबंद निअँडर्थल, त्यांनाही नव्हती. ती कशासाठी, याची इतकी स्पष्टीकरणं आहेत की त्यातलं एकही खरं नसावं असं मला वाटतं.

निअँडर्थलांवरून आठवलं. मार्सिया पोन्से दि लिऑन आणि क्रिस्टोफ झोलिकोफर यांनी २००१ साली त्यांच्या मुलांच्या कवट्या आपल्या मुलांशी ताडल्या. फरक अगदी कोवळ्या वयात, बहुधा जन्माआधीच पडलेला. आणि आपल्या बाळाचं डोकं पहिल्या वर्षात जे चेंडूसारखं गोल होतं, ती पायरी निअँडर्थलांत दिसत नाही आणि चिंपांझीतही दिसत नाही. आपल्यातही ती जुनी नाही. मोरोक्कोत जेबेल इरहूदला सापडलेली माणसं सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची. चेहरा बघाल तर गर्दीत खपून जाईल, कवटी मात्र मागे लांबट. आजच्यासारखी गोल कवटी गेल्या लाखभर वर्षांत हळूहळू आली. तेव्हा 'चेहरा बदलला' असं एका दमात म्हणू नये. सुळा वेगळ्या काळी बदलला, थोबाड वेगळ्या काळी आत गेलं, माथा सगळ्यांत शेवटी गोल झाला.

शंकासूर

बरं, बोल्क अर्धा तरी राहू द्या. बोनोबोची कवटी मोठेपणी चिंपांझीच्या लहानपणासारखी असते, हे तरी मान्य?

दंतकथा

बऱ्यापैकी मान्य. बोनोबोत तुमचा बोल्क माणसापेक्षा जास्त लागू पडतो.

मातीकाम

उशिरा लिहितोय, हात मातीत होते.

ताईंनी सांगितलं तसं केलं. जुन्या नराच्या डोक्यातून तारेने चेहरा कापला, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच चकती. बोटभर पुढे सरकवून लावला. मध्ये पडलेल्या फटीत माती भरायला गेलो आणि भुवईची कड आपोआप तयार झाली, मागे खाच उरली. तीन वेळा चिकटवूनही जी दिसत नव्हती ती फट भरताना आली. त्या क्षणी चिंपांझी माझ्याकडे बघायला लागला.

पिल्लूही नव्याने केलं. डबा लहान, चेहरा तेवढाच. अजून गोड आहे, पण पोर राहिलेलं नाही. एक गंमत लक्षात आली, मी न कळत त्याला हनुवटी देत होतो. अंगठा खालच्या ओठाखाली आपोआप दाबला जातो आणि खाली उंचवटा राहतो. एवढी वर्षं माणसंच केली, अंगठ्याला दुसरं माहीतच नाही. तिथे कसं असतं त्यांचं?

दंतकथा

दातांपासून खाली जबडा मागे उतरत जातो, उंचवटा नाही. त्यांच्या जबड्याला बळकटी आतून असते. पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला हाडाची आडवी फळी असते. तुम्हाला ती दाखवायची गरज नाही, तोंड मिटलेलं आहे ना?

मातीकाम

मिटलेलं आहे, पण सुळ्यांमुळे ओठ फुगीर ठेवलेत.

आता शेवटची अडचण, तुम्हीच सोडवाल. चारही डोकी लोखंडी सळीवर उभी करतो, सळी तळाच्या मध्यात जाते. मोठा नर त्या सळीवर बसवला तर मान माणसाची दिसायला लागली, चेहरा चिंपांझीचा आणि धड कारकुनाचं. तुमचा भोकाचा मुद्दा आठवला. सळी मागे घेतली, जवळजवळ डोक्याच्या मागच्या टोकाला. ध्यान एकदम बरोबर दिसतंय, पण डोकं पुढे कलतंय. शेवटी मागून तार ताणून चौथऱ्याला बांधली. ती तार कशी लपवू?

दंतकथा

लपवू नका. तिच्यावर माती चढवा. ती तार म्हणजे त्याच्या मानेचे स्नायू. डोक्याच्या मागून थेट खांद्यांपर्यंत जातात आणि चांगले जाड असतात. माणसाच्या डोक्याला किती जाडीची तार लागली?

मातीकाम

माणसाला लागलीच नाही.